बर्फावरचा हत्ती

“कुठे गेलास रे?” असं ताईनं विचारलं तेव्हा तो तिच्या शेजारीच चालत होता. इतका शेजारी, की तिच्या पिशवीतल्या ताज्या पावाचा वास त्याला येत होता. भर दुपारी रुंद फुटपाथवरून दोघं घरी निघाले होते. काल पाहिलेल्या एका मालिकेबद्दल तो सांगत होता आणि एका वाक्याच्या मध्ये, योग्य शब्द सापडेना म्हणून, क्षणभर गप्प झाला होता. तेवढ्यात ताई थबकली. तिनं समोर पाहिलं, मागे पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं आणि विचारलं, कुठे गेलास. “इथंच आहे की,” तो म्हणाला. ती वळली, नुसती मान नाही तर खांद्यांसकट सगळी वळली, आणि तो जमिनीतून उगवून आल्यासारखी दचकली. “मेल्या, लपतोस काय?” असं म्हणून हसली. तोही हसला. पण मालिकेची गोष्ट अर्धी राहिली ती राहिलीच. आपण गप्प झालो की ताईच्या लेखी नसतो, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. ते खरं असेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि ते खरं आहे हे त्याला तिथंच, त्या फुटपाथवरच कळून चुकलं होतं.

कारण ताई म्हणजे डोळे. ती गोदीत क्रेन चालवायची. आयुष्यभर तिनं तेच केलं. इमारतीएवढ्या उंचीवर काचेच्या केबिनमध्ये बसून, पायांखालच्या काचेतून खाली बघत ती जहाजातले कंटेनर उचलायची आणि ट्रकवर ठेवायची. असे ठेवायची, की ड्रायव्हर आत डुलकी घेत असेल तर त्याची झोपही मोडू नये, असं गोदीतली माणसं सांगायची. तिनं कधी कशाला धक्का लावला नव्हता. आणि हीच ताई गेले काही महिने दारांच्या चौकटींना खांदा देत होती, टेबलाचे कोपरे मांडीवर घेत होती, पुढ्यातल्या कपाच्या शेजारची हवा उचलत होती. घरात त्याचा विनोद झाला होता. “ताई जमिनीवर आल्या आणि त्यांचा ब्रेक गेला,” असं त्याची बायको म्हणायची आणि ताई सगळ्यांत मोठ्यानं हसायची. दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच नोकरी सोडताना ताई म्हणाली होती, “पुरे झालं खाली बघणं. आता जरा समोर बघते.” तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता चौकातला दिवा हिरवा व्हायची वाट बघत उभं असताना त्याला वाटलं, हिला तेव्हाच कळलं असेल का? वरून खाली बघताना एखाद्या दिवशी हिला दिसणाऱ्या चित्राचा काठ जरासा आत आला असेल आणि हिनं कुणालाही न सांगता, जड वस्तू ठेवावी तसं, अलगद ते काम खाली ठेवलं असेल?

डोळ्यांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. काचबिंदू, त्या म्हणाल्या. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढे गेलेला. तो कडेनं खात येतो, म्हणून माणसाला कळत नाही. मधलं सगळं लख्ख दिसत असतं. त्यांनी यंत्रातून निघालेला कागद दाखवला. त्यावर काळ्या रानात एक पांढरं बेट होतं. “हे एवढं उरलंय. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंब घालून राखायचं.” “राहील?” ताईनं विचारलं. “राहावं म्हणून आपण सगळं करू. शब्द देता येत नाही.” ताईनं मान हलवली, समोरचं यंत्र कुठल्या गाडीचा सुटा भाग असावा तसं न्याहाळलं आणि म्हणाली, “टीव्ही बघितला तर चालेल?” डॉक्टरबाई हसल्या. “जरूर बघा. फक्त लांबून. तुम्ही जेवढ्या लांब बसाल तेवढं जास्त मावेल.”

ताई त्याच्याकडे कायमची राहायला आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवणानंतर ती टेबलावर कोपर टेकून म्हणाली, “बुटक्या, एक सांग.” तो चांगला सहा फूट उंच होता आणि घराच्या प्रत्येक दारातून वाकून जायचा, पण तिच्या तोंडून ते नाव काही जात नव्हतं. “एवढं लोकांना सांगत असतोस, हे बघा, ते बघा. मी बाई काही पाहिलं नाही. शिफ्टवरून आलं की झोप, उठलं की शिफ्ट. आता वेळ आहे आणि...” तिनं दोन्ही हातांची बोटं जुळवून डोळ्यांपुढे एक छोटी खिडकी केली. “एवढं आहे. मग बघण्यासारखं काय आहे ते सांग ना मला.”

तो एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला ‘काय पाहावं’ हे लिहायचा. हजारो माणसं शनिवारची संध्याकाळ त्याच्या हवाली करायची. लग्नात, बँकेच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना सुद्धा त्याला लोक विचारायचे, सध्या चांगलं काय आहे? आणि त्याच्याजवळ उत्तर तयार असायचं. ‘चुकवू नये असं काही’ हे त्याचं ठरलेलं वाक्य; ते इतकं वापरून झालं होतं की संपादक त्याला ‘चुकवूनये’ अशीच हाक मारायचे. पण आता टेबलापलीकडे ताई बसली होती, तिनं बोटांची खिडकी अजून मोडली नव्हती आणि त्या खिडकीतून तिचा एक डोळा त्याच्याकडे बघत होता. त्याच्या मनात सगळं जमा झालं, पाहिलेलं सगळं, चेहरे, समुद्र, खून, पावलं, चुंबनं, शहरं, आणि त्यातली एकही गोष्ट पुढे यायला धजेना. हजारांना सांगणं सोपं असतं. चुकलं तर चूक हजारांत वाटली जाते. इथं एक बाई होती आणि तिच्याकडे मोजकं पाणी उरलेल्या माणसासारखं मोजकं बघणं उरलं होतं. त्यातला घोट कशावर खर्च करायचा हे तिनं त्याला विचारलं होतं. “सांगतो,” तो म्हणाला. “उद्या सांगतो.” “अरे, एवढं काय? घर विकत घ्यायचं नाहीये,” ताई म्हणाली.

पहिल्यांदा त्यानं जगानं डोक्यावर घेतलेली मालिका लावली, राजवाड्यातल्या तीन भावांची, ज्यात प्रत्येक जण दुसऱ्याचा काटा काढायला बघत होता. ताई दुसऱ्या भागात घोरायला लागली. मग एक विनोदी मालिका, एका आळशी टपाल कचेरीची. ती मात्र तिला आवडली, कारण तिथला साहेब तिच्या जुन्या साहेबासारखा पोट खाजवायचा. मग हळुवार, मंद, पारितोषिकं मिळालेला एक चित्रपट, ज्यात एक म्हातारा आणि त्याची मुलगी भिंत रंगवतात. ताईनं तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, “दुसरा हात मारायला हवा होता.” दरम्यान ताईची खुर्ची मागे सरकत चालली होती. आधी सोफ्याच्या जागी, मग जेवणाच्या टेबलापाशी, मग बायकोनं टेबलच हलवलं आणि खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात गेली. आवाज वाढवावा लागायचा. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात भेटले की कथेत पुढे काय झालं ते विचारायचे. एका सकाळी घरात कुणी नसताना तो त्या खुर्चीवर जाऊन बसला. त्या दिवशीच्या वर्तमानपत्राची सुरळी करून त्यानं एका डोळ्याला लावली, दुसरा मिटला. खोली गेली. खिडकी गेली, खिडकीतला उजेड गेला, स्वतःचे गुडघे गेले. उरला फक्त टीव्ही, बंद, काळा, काठांसकट पूर्ण. आणि तो इतका स्वच्छ, इतका एकटा दिसत होता की त्याला सुरळी खाली घेववेना. आयुष्यभर आपण बघत आलो ते कडेकडेनं, असं त्याला वाटलं. चहा पीत, फोन चाळत, मनात वाक्यं जुळवत. असं एकच एक काही आपण कधी पाहिलंय? आणि लगेच, न बोलावता, उत्तर आलं. हो. एकदा.

त्यानं ते संध्याकाळी ताईला सांगितलं. “तुला आठवतो तो हत्तीचा सिनेमा? मैदानातला?” न आठवण्याचा प्रश्नच नव्हता. तो पाच-सहा वर्षांचा होता. आई कामावर होती. गिरणीच्या मैदानात पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवणार होते आणि त्यानं दिवसभर भुणभुण लावली म्हणून ताई त्याला घेऊन गेली होती. गर्दी उभी होती, म्हणून तिनं त्याला खांद्यांवर घेतलं होतं. गोठलेलं तळं. पूल मोडलेला. एका म्हातारीचा सर्कशीतला हत्ती बर्फावरून चालत पलीकडे न्यायचा असतो. आपण या धंद्यात आलो ते त्या तळ्यामुळे, असं तो व्याख्यानांत सांगायचा. आणि शेवट सांगायचा: बर्फ फुटतो, हत्ती आत जातो, काचेसारख्या बर्फाखालून पोहत जाताना त्याची सावली दिसते आणि पलीकडच्या काठाला तो सोंड वर काढतो. असा शेवट पुन्हा कुणी केला नाही, असं तो म्हणायचा आणि सभागृह स्तब्ध व्हायचं. “आपण पाहिलेला सगळ्यात भारी सिनेमा,” तो ताईला म्हणाला. ताई भाजी निवडत होती. हातानं चाचपून, छान निवडत होती. “तू पाहिलास,” ती म्हणाली. “मी कुठे पाहिला?”

“म्हणजे?”

“अरे, तू माझ्या मानगुटीवर. माझ्यापुढे हे ताडमाड लोक. मला दिसत होता पुढच्या माणसाचा शर्ट. खांद्यावर उसवलेला होता, पांढऱ्या शर्टाला काळा दोरा घातलेला. तो मात्र नीट पाहिला मी.” तिनं एक देठ मोडला. “म्हणून तर पुढे क्रेन धरली. म्हटलं, आता सगळ्यांच्या वर बसायचं, बघू कोण आड येतो.” ती हसली, आणि त्याला हसता आलं नाही. इतकी वर्षं त्या आठवणीत ते दोघं होते. पडद्याचा निळसर उजेड दोघांच्या चेहऱ्यांवर होता. आता त्या आठवणीत त्याच्या खाली अंधार होता आणि त्या अंधारात एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी दुसऱ्याच्या शर्टाची शिवण बघत उभी होती. तिनं त्याला वर धरलं होतं म्हणून तळं होतं. काय बघायचं, या तिच्या प्रश्नाला आता एकच उत्तर होतं आणि ते त्याच्याजवळ नव्हतं; त्या सिनेमाचं नावसुद्धा त्याला कधी माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात त्यानं सदरात काही सुचवलं नाही. उलट वाचकांनाच विचारलं. गोठलेलं तळं, हत्ती, म्हातारी. कुणी पाहिलाय? संपादक म्हणाले, “चुकवूनये, तुला सुट्टीची गरज आहे.” मग फोन यायला लागले. लोकांनी त्याला हत्तींचे सगळे सिनेमे सांगितले, बर्फाचे सगळे सिनेमे सांगितले, एका गृहस्थानं उंटाचा सांगितला, पण फार चांगला आहे म्हणाला. दिवस जात होते. ताईची खुर्ची स्वयंपाकघराच्या आत, ओट्याला टेकेपर्यंत गेली होती. याच्यामागे जायला घर नव्हतं. डॉक्टरबाईंनी नवा कागद काढला तेव्हा बेट लहान झालं होतं आणि त्यांनी तो ताईच्या आधी त्याच्याकडे सरकवला. तो रोज पहिल्या घंटेलाच फोन उचलायचा. मग एका सकाळी एका बाईंचा फोन आला. त्या जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात काम करत होत्या, आवाज कोरडा, कामाचा. “तुमचा हत्ती आमच्याकडे आहे,” त्या म्हणाल्या.

प्रत घरी आली आणि त्याला भीतीनं गाठलं. सिनेमा वाईट निघाला तर? लहानपणच्या गोष्टी पुन्हा पाहू नयेत हे तो वाचकांना बजावून सांगायचा. दुपार होती. बायकोनं पडदे ओढले आणि ती शाळेच्या वह्या घेऊन आतल्या खोलीत गेली. तो खुर्चीशेजारी बसला असता तर ताईला दिसला नसता, म्हणून तो तिच्या पायांशी जमिनीवर बसला, पाठ तिच्या गुडघ्यांना टेकवून. तिनं हात त्याच्या डोक्यावर ठेवला. “हां, आता कळतंय कुठे आहेस ते. लाव.”

सिनेमा वाईटच होता. पहिल्या दहा मिनिटांत त्याच्यातल्या ‘चुकवूनये’ला ते कळलं. म्हातारीचा खोटा पांढऱ्या केसांचा टोप, कानामागे उचललेला. सर्कशीचा मालक ओरडून बोलणारा. डोंगर रंगवलेले. त्याला वाटलं, हिच्या उरलेल्या खिडकीत आपण हा पुठ्ठा आणून ठेवला. तेवढ्यात पडद्यावर तंबूचं कापड बाजूला झालं आणि हत्तीचं डोकं बाहेर आलं, आणि ताई म्हणाली, “इथं तू टाचा मारल्यास.”

“काय?”

“टाचा. इथं.” तिनं वाकून त्याच्या गळ्याखालच्या हाडाला बोट लावलं. “आठवडाभर निळं पडलं होतं माझं. लोक ओरडले आणि तू टाचा मारल्यास. म्हणजे हत्ती आला होता होय!” ती खुर्चीत पुढे सरकली, मग आठवून मागे सरकली. हत्ती काठाशी गेला. त्यानं सोंडेनं बर्फ हुंगला, एक पाय उचलला. “आता केस धरशील,” ताई कुजबुजली, “दोन्ही मुठींत,” आणि पाय बर्फावर टेकला. कडकड असा एक लांबवर पळत जाणारा आवाज झाला. “हाच, हाच आवाज! बघ, हा आवाज आला आणि तू माझे केस ओढलेस. मला वाटलं, पडदा फाटला.” तो पडद्याकडे बघायचं विसरून वर, तिच्याकडे बघत होता. तिला सगळं माहीत होतं. एकही चित्र न पाहता, त्याच्या टाचांतून, मुठींतून, मांड्यांच्या थरथरीतून तिनं तो सिनेमा अंगावर घेतला होता आणि इतकी वर्षं, कंटेनर उचलताना, शिफ्टवरून परतताना, तो तिच्या हाडांत तसाच होता. फक्त त्याला चित्रं नव्हती. आता एकेक चित्र येत होतं आणि बरोब्बर आपल्या जागी बसत होतं. “पुढे बघ ना, माझ्याकडे काय बघतोस,” ती म्हणाली.

हत्ती तळ्याच्या मध्यावर येऊन थांबला. वारा. माणसं काठावर, मुंग्यांएवढी. कुणी काही बोलत नव्हतं आणि कॅमेरा हलत नव्हता. फार लांबलं हे, असं त्याच्यातल्या सवयीच्या माणसानं म्हणायला तोंड उघडलं, पण ताईचा हात त्याच्या डोक्यावर जड झाला. “इथं तू श्वासच घेईनास,” ती अगदी हळू म्हणाली. “केवढा वेळ. मला भीती वाटली, पोराला झालं काय. हलवलं तरी हालेना. मी त्या उसवलेल्या शर्टाकडे बघत उभी आणि मनात म्हणतेय, असं आहे तरी काय तिथं?” पडद्यावर हत्तीचे कान वाऱ्यानं हलले. “तर हे होतं,” ताई म्हणाली. घरात फक्त त्या तळ्यावरचा वारा होता.

मग तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. “आणि आता तू जड झालास. झोपलास. डोकं टाकलंस माझ्या डोक्यावर.”

“नाही, ताई,” तो म्हणाला. “मी शेवट पाहिलाय. आता बर्फ फुटेल. तो खालून पोहत जातो.”

“ते मी सांगितलं तुला.” तिच्या आवाजात नवल होतं, त्याला हे ठाऊक नसल्याचं नवल. “तू झोपलास तशी मी निघाले, खांदे मोडून गेले होते माझे. रस्त्यात उठलास आणि भोकाड पसरलंस, हत्तीचं काय झालं, हत्तीचं काय झालं. मला काय माहीत काय झालं? म्हटलं, पोहत गेला. गप्प झालास.”

त्याच्या आत काहीतरी सुटलं आणि पडलं नाही. अलगद कुठेतरी खाली ठेवलं गेलं. इतकी वर्षं, भरलेल्या सभागृहांत, तो त्या दमलेल्या मुलीनं रस्त्यात रचलेली गोष्ट सांगत होता. असा शेवट पुन्हा कुणी केला नाही, हे खरंच होतं. पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता, कारण पडद्यावर बर्फ फुटला नव्हता. हत्ती उभाच होता, पुढे येईना की मागे जाईना, आणि पलीकडच्या काठावरच्या गावात काहीतरी चाललं होतं. घरांत माणसं शिरत होती, बाहेर येत होती. त्यांच्या पाठींवर काहीतरी होतं. तो पुढे झुकला. दारं. गावातले लोक आपापल्या घरांची दारं बिजागऱ्यांतून काढून पाठीवर घेऊन येत होते. हिरवी, निळी, उन्हानं पोपडे धरलेली, कडीकुलपांसकट. बर्फावर ते एकापुढे एक दार आडवं ठेवत हत्तीकडे निघाले होते आणि त्यांच्यामागे सगळं गाव काळ्या उघड्या चौकटींतून आत वारा घेत उभं होतं. हे पुठ्ठ्याचं नव्हतं. ज्यानं तो टोप असा चिकटवला होता, त्याच माणसानं हे कुठून आणलं असेल? हत्तीनं पहिल्या दारावर पाय ठेवला. दार करकरलं. दुसरा पाय.

“वजन बघ कसं वाटलं जातंय,” ताई श्वास रोखून म्हणाली. “सावकाश. सावकाश, राजा.”

हत्ती दारांवरून चालत होता. आणि मग, काठ हाकेवर असताना, दारं संपली. शेवटचं दार ठेवणाऱ्या माणसानं मागे वळून पाहिलं. गावात एकही उरलं नव्हतं. हत्तीच्या पायांखाली बर्फात एक रेघ उमटली आणि फांद्या फुटाव्यात तशी चहूकडे पसरत गेली. आपण ताईचा पाय घट्ट धरलाय हे त्याला कळलं नाही. त्याच्याजवळ वाक्य नव्हतं, तुलना नव्हती, कुणाला सांगायचं काही नव्हतं.

“आता गं?” त्यानं विचारलं.

“मला काय विचारतोस?” ताई म्हणाली. तिचे दोन्ही हात आता त्याच्या खांद्यांवर होते. “मी तरी कुठे पाहिलंय? बघ.”

हत्ती सावकाश वळला. त्यानं सोंड मागे नेली, नुकतंच ओलांडलेलं दार कडेनं चाचपलं, आणि ते पुढे घ्यायला उचललं.